विद्युत् चूल : मांडणी, तारयोजना व भूयोजन

विद्युत् चूल : विजेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण करून अन्न शिजविण्याचे साधन. एका तबकडीच्या सुट्या शेगडीपासून वर चार तबकड्या व खाली भट्टी असलेल्या मोठ्या चुलीपर्यंत तिचे अनेक प्रकार आहेत. मोठ्या चुलीला बाजारात ‘कुकिंग रेंज’ म्हणतात. चूल कारखान्यातून कितीही निर्दोष आली, तरी तिची सुरक्षितता भिंतीतील तारेवर व घराबाहेरील जमिनीवर अवलंबून असते. म्हणून या नोंदीत चुलीच्या अंतर्रचनेपेक्षा तिच्या मांडणीचा विचार अधिक केला आहे. उदाहरणासाठी छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) येथील घरे व जमीन घेतली आहे. या शहराखाली काळा बसाल्ट खडक आहे व तो विजेच्या दृष्टीने साधा शेजारी नाही, हे त्याचे मुख्य कारण होय.

विजेवर अन्न शिजविण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. कॅनडातील ऑटावा येथे टॉमस अहर्न यांनी १८९२ मध्ये विजेच्या भट्टीत शिजविलेले जेवण लोकांना वाढले. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात संपूर्ण विद्युत् स्वयंपाकघर मांडले होते. तथापि त्या काळच्या तापक तारा लवकर जळून जात. निकेल व क्रोमियम यांची निक्रोम ही मिश्रधातू अमेरिकन संशोधक अल्बर्ट मार्श यांनी १९०५ च्या सुमारास तयार केल्यानंतर टिकाऊ चुली शक्य झाल्या. आपल्याकडे मात्र रॉकेलच्या स्टोव्हनंतर स्वयंपाकघर द्रवरूप पेट्रोलियम वायूने (सिलिंडरमधील गॅसने) व्यापले आणि मोठी विद्युत् चूल मोजक्या घरांपुरतीच राहिली. वसतिगृहांच्या खोल्यांत व भाड्याच्या घरांत चिनीमातीच्या खाचांत उघडे वेटोळे बसविलेली शेगडी रुळली. ती स्वस्त असते, पण तिच्यातील तार अन्नाच्या भांड्यापासून बोटभर अंतरावर उघडी असते व उतू गेलेले दूध सरळ तिच्यावर पडते. अशी शेगडी घरात नसलेलीच बरी. अलीकडे प्रवर्तन शेगडीचा (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या तळातच उष्णता निर्माण करणाऱ्या, ‘इंडक्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेगडीचा) प्रसार झाल्यामुळे विजेवरचा स्वयंपाक पुन्हा सामान्य घरांत आला आहे.

भार व वीजजोडणी : दोन तबकड्या प्रत्येकी २ किवॉ., दोन प्रत्येकी १ किवॉ. आणि २ किवॉ. ची भट्टी अशी चूल घेतल्यास एकूण भार ८ किवॉ. होतो. २३० व्होल्ट दाबाला याचा प्रवाह सुमारे ३५ अँपिअर येतो. सर्व तबकड्या व भट्टी एकाच वेळी पूर्ण शक्तीवर क्वचितच चालतात, म्हणून तारयोजनेच्या आखणीत एक रूढ आडाखा वापरतात : पहिले १० अँपिअर पूर्ण धरावयाचे, उरलेल्या प्रवाहाचे ३० टक्के घ्यावयाचे व चुलीच्या स्विचपेटीवर सॉकेट असेल, तर आणखी ५ अँपिअर मिळवावयाचे. वरील चुलीसाठी हा हिशेब २२·५ अँपिअर येतो. हा आडाखा पाश्चात्त्य स्वयंपाकाच्या सवयींवरून आलेला आहे. मराठवाड्यातील घरात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या दिवशी पुरण, भात, भाज्या व तळण ही सकाळपासून एकदमच चुलीवर असतात. अशा घराने आडाख्याने मिळणाऱ्या सवलतीवर फार विसंबू नये व तार चुलीच्या पूर्ण भाराजोगी घ्यावी. त्यासाठी येणारा जादा खर्च चुलीच्या किंमतीच्या मानाने किरकोळ असतो.

एवढा भार घेण्यापूर्वी वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. एककला (एक जिवंत व एक उदासीन अशा दोन तारांच्या) जोडणीवर सर्वसाधारणपणे ४० अँपिअरपर्यंत भार देतात. पाणी तापविण्याचा बंब, वातानुकूलक व मोठी चूल एकाच घरात असल्यास त्रिकला जोडणी घेणे श्रेयस्कर ठरते. भार न कळविता चूल जोडल्यास खांबापासून मीटरपर्यंतची जुनी तार प्रथम तापते आणि ती घरमालकाच्या नजरेबाहेर असते.

तारयोजना : मोठ्या चुलीसाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र मंडल (विद्युत् प्रवाहाचा मार्ग) ओढावे लागते. त्या मंडलावर दुसरे कोणतेही उपकरण असू नये. भारतात घरगुती सॉकेटे ६ व १६ अँपिअरची असतात. जुन्या घरांत तीच ५ व १५ अँपिअरची म्हणून ओळखली जातात. २ किवॉ. ची प्रवर्तन शेगडी सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे तीसुद्धा ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालविता येत नाही. बारीक पिनांचा जोडप्लग लावून ती चालविण्याची युक्ती अनेक घरांत आढळते. काही दिवस तिचा त्रास जाणवत नाही, कारण प्लास्टिक हळूहळू करपते. चार तबकड्यांची चूल तर १६ अँपिअरच्या सॉकेटवरही चालविता येत नाही. ती प्लगने न जोडता जोडपेटीतून कायमची जोडावी लागते.

या मंडलासाठी ६ चौ. मिमी. छेदाची, पीव्हीसी निरोधनाची तांब्याची तार सामान्यतः पुरते. नळीतून नेल्यास तिची प्रवाहक्षमता परिस्थितीनुसार साधारण ३० ते ४० अँपिअर असते. परिस्थिती या शब्दाला येथे महत्त्व आहे. संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से. च्या वर जाते आणि गच्चीच्या स्लॅबमधून गेलेली नळी त्याहूनही तापते. साध्या पीव्हीसीचे निरोधन ७०° से. पर्यंत टिकते. भोवतालचे तापमान ३०° वरून ४५° से. वर गेले, तर अशा तारेची प्रवाहक्षमता सुमारे एक पंचमांशाने घटते. म्हणून चुलीची तार स्लॅबमधून न नेता भिंतीतून न्यावी व तिच्या नळीत इतर तारांची गर्दी करू नये. चूल पूर्ण भाराने चालावयाची असल्यास व मार्ग उष्ण भागातूनच जात असल्यास १० चौ. मिमी. ची तार घ्यावी. भारतीय मानक ७३२ मध्ये घरातील तारयोजनेचे आणि भारतीय मानक ६९४ मध्ये पीव्हीसी तारांचे नियम दिलेले आहेत.

जिवंत तारेसाठी लाल, पिवळा किंवा निळा, उदासीन तारेसाठी काळा व भूतारेसाठी हिरवा (किंवा हिरवा-पिवळा) असा रंगसंकेत आहे. स्विच दुहेरी, म्हणजे जिवंत व उदासीन या दोन्ही तारा एकदम तोडणारा असावा. तो चुलीपासून २ मी. च्या आत, हाताला सहज लागेल असा परंतु बाजूला असावा. तो चुलीच्या वर कधीही नसावा, कारण कढईतील तेल पेटले असता ज्वाळेवरून हात नेऊन स्विच बंद करणे कोणालाही जमत नाही. मंडलाच्या आरंभी फलकावर तारेच्या प्रवाहक्षमतेहून अधिक नसलेला मंडल खंडक (बाजारातील एमसीबी) बसवितात. मंडल खंडक तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. हा भेद पुढे भूयोजनाच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

चुलीच्या मागील जोडपट्टीवर स्क्रू व लहान पितळी दुवे असतात. चूल एककला जोडणीवर चालवावयाची असेल, तर जिवंत बाजूचे सर्व स्क्रू दुव्यांनी एकत्र जोडतात. त्रिकला जोडणीवर हे दुवे काढून तीन कला वेगवेगळ्या जोडतात. जोडणीचा नकाशा बहुधा झाकणाच्या आतील बाजूस छापलेला असतो व तो पाहिल्याशिवाय हात घालू नये. त्रिकला जोडणीत उदासीन तारेचा स्क्रू सैल राहिल्यास २३० व्होल्टच्या तापकांवर याहून कितीतरी अधिक, दोन कलांमधील ४०० व्होल्टकडे झुकणारा दाब येऊ शकतो.

सैल स्क्रू हा एरवीही मोठा शत्रू आहे. एखाद्या जोडात ०·१ ओहम एवढाच रोध निर्माण झाला, तर ५ अँपिअर प्रवाहाला तेथे २·५ वॉट उष्णता होते व ती कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच जोडातून २५ अँपिअर गेल्यास ६२·५ वॉट, म्हणजे एका मोठ्या दिव्याची सर्व शक्ती एका स्क्रूखाली उष्णतेच्या रूपाने कोंडते. प्रवाह पाचपट होतो तेव्हा उष्णता पंचवीसपट होते. दिवे व पंखे चालविताना वर्षानुवर्षे ठीक वाटलेली तारयोजना चूल लावताच आठवड्यात जळते, याचे कारण हेच आहे.

१९६० व १९७० च्या दशकांत तांब्याच्या टंचाईमुळे घरांतून ॲल्युमिनियमच्या तारा मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. सिडकोने शहरात १९७० च्या दशकापासून वसविलेल्या वसाहतींसारख्या त्या काळच्या घरांत तार कोणत्या धातूची आहे, हे प्रथम पाहावे. ॲल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चपटते व त्यावर न वाहणारा ऑक्साइडाचा थर येतो. तांब्याशी त्याचा सरळ जोड तर लवकरच बिघडतो. गुलमंडी, शहागंज, बेगमपुरा अशा जुन्या भागांतील दगड-चुन्याच्या जाड भिंतींच्या घरांत लाकडी पट्टीवर ठोकलेली तारयोजना कोठे कोठे असू शकते. तिच्यात पुष्कळदा भूतार नसते. अशा ठिकाणी दुरुस्तीचा विचार न करता चुलीसाठी फलकापासून नवी तार ओढावी. भिंत फोडावयाची नसल्यास बाहेरून बसविलेली नळी दिसावयास वाईट, पण गुणाला उत्तम.

जागा : चूल मोरीपासून व नळापासून दूर असावी. कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटाचा ओटा उष्णता सोसतो, पण त्याखालील लाकडी कपाटे सोसत नाहीत. उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा मागे व बाजूंना सोडलीच पाहिजे. भट्टी असलेली चूल समपातळीत व भिंतीला पकडीने अडकविलेली असावी. उघड्या दारावर मुलाचा भार पडल्यास ती पुढे कलंडू शकते.

भूयोजन : चुलीचे धातूचे अंग जमिनीशी विद्युत् दृष्ट्या जोडणे याला भूयोजन म्हणतात. बोलण्यात याला अर्थिंग हा शब्द आहे. चुलीतील एखादी जिवंत तार सुटून अंगाला चिकटली, तर सर्व प्रवाह भूतारेने निघून जावा व मंडल खंडक तात्काळ उघडावा, ही त्यामागील कल्पना आहे. हे न झाल्यास चूल नेहमीप्रमाणे चालत राहते आणि तिचे अंग २३० व्होल्टवर असते. आपल्याकडे स्वयंपाक अनवाणी, बहुधा धुतलेल्या ओल्या फरशीवर उभे राहून होतो. ओल्या त्वचेच्या माणसाचा हातापासून पायापर्यंतचा रोध १,००० ओहमच्या आसपास धरल्यास त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

ग्राहकाच्या घरी भूयोजनाचे योग्य टोक पुरविणे हे पुरवठादाराचे काम असल्याचे भारतीय वीज नियम १९५६ यांतील ३३ व्या नियमात सांगितले होते. पुढे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले व २०२३ मध्ये नव्या विनियमांनी त्यांची जागा घेतली. खांबावरून घरात आलेली जस्तलेपित तार किंवा भूमिगत केबलचे धातुवेष्टन हे असे टोक होय. ते शाबूत असल्यास दोषप्रवाहाला रोहित्रापर्यंत धातूचाच मार्ग मिळतो, प्रवाह शेकडो अँपिअर होतो व खंडक क्षणात उघडतो. परंतु ही तार गंजून तुटली असेल किंवा घरात घेतलीच नसेल, तर सर्व भिस्त अंगणातील खड्ड्यावर पडते.

येथे जमिनीचा प्रश्न येतो. संभाजीनगरचा परिसर दख्खनच्या पठारावरील लाव्ह्याच्या थरांचा आहे. ज्या खडकात वेरूळचे कैलास लेणे कोरले, तोच खडक शहराखाली आहे. खाम व सुखना नद्यांच्या काठी गाळाची माती मिळते. एरवी थोडी काळी माती, तिच्याखाली मुरूम व मग घट्ट बसाल्ट असा क्रम लागतो. ओल्या मुरमाची विद्युत् रोधकता काही दशक ओहम-मी. असते, तर कोरड्या घट्ट बसाल्टाची शेकडो किंवा त्याहून अधिक. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर वरचे थर सुकत जातात.

भारतीय मानक ३०४३ प्रमाणे भूयोजनाची जस्तलेपित नळी किमान ३८ मिमी. आतील व्यासाची व २·५ मी. लांबीची असावी. तेवढ्या खोलीच्या आत खडक लागल्यास नळी उभ्या रेषेपासून ३०° पर्यंत तिरपी पुरण्याची मुभा आहे, मात्र लांबी कमी करता येत नाही. नळीऐवजी ६० × ६० सेंमी. ची पत्राही पुरतात. इमारतीपासून खड्डा सुमारे १·५ मी. दूर घेतात. नळीभोवती कोळसा व मीठ भरून उन्हाळ्यात वरून पाणी घालण्याची पद्धत आहे. मिठाने रोध घटतो हे खरे, पण जस्तलेपित लोखंडही गंजते. म्हणून असा खड्डा एकदा केला व विसरला असे चालत नाही.

अशा एका नळीचा रोध गणिताने काढता येतो. रोधकता ५० ओहम-मी. असलेल्या ओलसर मुरमात तो सुमारे १७ ओहम येतो. रोधकता ५०० ओहम-मी. झाली की तोच सुमारे १६६ ओहम होतो. पहिल्या स्थितीत दोषप्रवाह जास्तीत जास्त साडेतेरा अँपिअर व दुसऱ्या स्थितीत जेमतेम १·४ अँपिअर होईल. ३२ अँपिअरचा मंडल खंडक यांपैकी कोणत्याही प्रवाहाने उघडणार नाही. त्याला क्षणात उघडण्यास दीडशे अँपिअर किंवा अधिक प्रवाह लागतो. म्हणजे खड्डा आहे, हिरवी तार आहे, खंडक आहे आणि तरीही चुलीचे अंग जिवंत राहते. ‘अर्थिंग केलेले आहे’ या वाक्याने घरमालकाचे समाधान होते. खडकाळ जमिनीत ते वाक्य अपुरे आहे.

उपाय म्हणून काही जण सॉकेटातच भूतार उदासीन तारेला जोडतात. हा उपाय दोषाहून घातक आहे. खांबाकडील उदासीन तार तुटताच घरातील प्रत्येक उपकरणाचे अंग एकदम जिवंत होते. पाण्याच्या नळाला भूतार बांधणेही व्यर्थ आहे, कारण आता नळ बहुधा प्लास्टिकचे असतात. नळ धातूचा असल्यास आपला दोष शेजाऱ्याच्या न्हाणीघरात पोहोचतो. गॅसच्या नळीला तर तार बांधूच नये.

गळती खंडक : जिवंत तारेने गेलेला व उदासीन तारेने परतलेला प्रवाह यांतील फरक ओळखून पुरवठा तोडणारे हे उपकरण बाजारात आरसीसीबी या आद्याक्षरांनी मिळते. पुष्कळ वीजतंत्री त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. प्रवाह समान असतील, तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. काही प्रवाह जमिनीकडे गळाला की कड्यावरील वेटोळ्यात दाब निर्माण होऊन खटका सुटतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरला सुटणारा खंडक घेतात. वरील १६६ ओहमच्या वाईट खड्ड्यातूनही ३० मिलिअँपिअर गळतीला चुलीच्या अंगावर फक्त ५ व्होल्ट दाब येतो. दोष याहून मोठा असल्यास खंडक सेकंदाच्या अल्प अंशात उघडतो. बसाल्टावर वसलेल्या गावाला भूयोजनाची जी उणीव खणून भरून काढता येत नाही, ती या लहान पेटीने भरून निघते. तथापि भूतार तरीही हवीच. ती नसल्यास गळतीचा पहिला मार्ग माणसाच्या शरीरातून जातो. तसेच एकाच वेळी जिवंत व उदासीन तारांना स्पर्श झाल्यास गळती खंडकाला दोष कळत नाही, आणि अतिभारापासूनही तो संरक्षण देत नाही. त्याच्यासोबत मंडल खंडक असावाच लागतो. गळती खंडकावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

परदेशाहून आणलेल्या चुली : परदेशातून परतणारी कुटुंबे कधी कधी चूल सामानासोबत आणतात. अमेरिकन चुलीतील तापक २४० व्होल्टचे असल्याने ते येथे चालतात, परंतु भट्टीतील दिवा, घड्याळ व नियंत्रणे बहुधा १२० व्होल्टची असतात व सरळ जोडल्यास जळतात. याहून मोठा धोका दिसत नाही. तेथील १९९६ पूर्वीच्या पद्धतीत चुलीचे अंग उदासीन तारेलाच पट्टीने जोडण्यास परवानगी होती. ही पट्टी येथे काढून अंगाला स्वतंत्र भूतार लावलीच पाहिजे. पट्टी राहिल्यास गळती खंडक वारंवार सुटतो, आणि तो ‘बिघडला’ म्हणून काढून टाकला जातो.

काम व चाचणी : हे काम राज्याच्या विद्युत् निरीक्षण यंत्रणेकडून परवाना मिळालेल्या ठेकेदाराकडून, परवानाधारक तारतंत्र्याच्या हातून करून घ्यावयाचे असते व पूर्ण झाल्यावर त्याच्याकडून चाचणी अहवाल घ्यावयाचा असतो. काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून तार मृत असल्याची खात्री चाचणी-दिव्याने करावी. निऑनच्या पेचकसावर विसंबू नये, तो न उजळणे हा पुरावा नव्हे. तार ओढल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (निरोधनाचा रोध मोजण्याच्या उपकरणाने) जिवंत, उदासीन व भूतार यांमधील निरोधन तपासतात. ते निदान १ मेगओहम असावे. नव्या तारेत ते याच्या कितीतरी पट येते व न आल्यास कोठेतरी तार खरचटलेली असते. त्यानंतर भूतारेचे अखंडत्व चुलीच्या अंगापासून खड्ड्यापर्यंत पाहतात. खड्ड्याचा रोध मोजावयाचा असेल, तर तो मे महिन्यात मोजावा. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा समाधान देतो, पण वर्षभर टिकत नाही.

विजेचा धक्का लागून कोणी चुलीला चिकटल्यास त्याला हात न लावता प्रथम स्विच बंद करावा. स्विच सापडत नसल्यास कोरड्या लाकडाने त्याला दूर सारावे व श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याचा उपचार लगेच सुरू करून वैद्यकीय मदत बोलवावी.

पहिल्या पावसात एक तक्रार हमखास येते : उन्हाळाभर न वापरलेली चूल लावताच गळती खंडक सुटतो. तबकडीतील व भट्टीतील तापक धातूच्या नळीत असतात व तार आणि नळी यांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडाची भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी टोकांच्या बुचातून हवेतील ओल शोषते व तिचे निरोधन घटते. सुस्थितीतील चुलीची गळती ५ मिलिअँपिअरच्या आत असावी लागते. ओल धरलेला तापक ती ३० च्या पलीकडे नेतो. अशा वेळी गळती खंडक बाजूला काढून चूल ‘एकदा तापवून घेण्याचा’ सल्ला काही कारागीर देतात. तो मानू नये. तापक चुलीतून सोडवून मंद उष्णतेत काही तास वाळवावा, मेगरने पुन्हा तपासावा आणि निरोधन सुधारले नाही, तर बदलावा. वर्षभर आठवड्यातून एकदा प्रत्येक तबकडी व भट्टी थोडा वेळ चालविली, तर ही ओल बहुधा साचत नाही.